भिजलेली जिप्समची भिंत: कापायची घाई करा, बांधायची नको

आधी भिंतीवर बोटं दुमडून टकटक करा. विटेची असेल तर भरीव, बद्द आवाज येतो आणि बोटं दुखतात. रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा पोकळ आवाज आला, तर ती जिप्सम बोर्डाची भिंत. घरात पाणी शिरून ती भिजली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मुंबईत पुष्कळ जणांना आपल्या घरात अशी भिंत आहे हे पाणी भरल्यावरच कळतं, विशेषतः भाड्याने राहणाऱ्यांना. एका हॉलचे दोन भाग केलेले असतात, कॉलमभोवती खोका केलेला असतो, नाहीतर विटेच्या ओल्या भिंतीला झाकायला पुढे बोर्ड ठोकलेला असतो. कोणी त्याला पार्टिशन म्हणतं, कोणी ड्रायवॉल, आणि फॉल्स सीलिंगवाले तर सगळ्यालाच पीओपी म्हणून मोकळे होतात. रचना एकच: मध्ये पत्र्याचे उभे चॅनेल, साधारण दोन-दोन फुटांवर, आणि दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेले साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड. बोर्डाच्या पोटात जिप्सम, वरून दोन्हीकडे कागद.

नव्या इमारतींमध्ये विटेवर जिप्समचं प्लास्टर असतं, ते वेगळं. तिथे आवाज भरीव येतो. तिथे भुसभुशीत झालेला थर खरवडायचा, वीट सुकू द्यायची, मग नवा थर द्यायचा. भिंत कापायची गरज नसते. आणखी एक सावधगिरी: जुन्या चाळीत किंवा पोटमाळ्यावर पार्टिशनला राखाडी सिमेंटचा पत्रा असेल, तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यावर ग्राइंडर चालवू नका, तो कोरडा कापू नका. स्क्रू काढून अख्खाच उतरवा.

आमचं घर किंग्ज सर्कलला, गांधी मार्केटच्या मागे, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी आमच्याकडे कमरेएवढं पाणी होतं. मधली भिंत विटेची होती. तिला लोणा लागला, रंगाचे पोपडे निघाले, पण दिवाळीपर्यंत ती सुकली आणि उभी राहिली. पुढे मुलाच्या अभ्यासाला खोली हवी म्हणून आम्ही जिप्समचं पार्टिशन घातलं. २९ ऑगस्ट २०१७ ला, घरात गणपती बसलेले असताना, पाणी आलं ते जेमतेम दीड वीत, आणि रात्रीत उतरलंही. भिंत वरून ठीक दिसत होती. ज्याने काम केलं होतं तो म्हणाला, "सुकेल हो काकू, पंखा लावा." आम्ही पंखा लावला, दसऱ्याला रंग मारला. दिवाळीची साफसफाई करताना कपाट सरकवलं, तर मागे हाताच्या पंज्याएवढे काळे डाग. बोर्ड उघडला तेव्हा आतला कागद काजळी धरल्यासारखा काळा होता आणि खालच्या चॅनेलमध्ये दीड महिन्यापूर्वीचा गाळ अजून ओला होता.

चूक त्या माणसाची जितकी, तितकीच आमची. विटेच्या भिंतीवरून शिकलेलं आम्ही बोर्डाला लावलं. बोर्ड पाणी वर खेचतो, चहात बुडवलेल्या खारीसारखा. पाणी दीड वीत असलं तरी ओल हातभर वर चढते. कागद हे बुरशीचं अन्न, आणि ओल्या कागदावर एक-दोन दिवसांत ती धरायला लागते. दोन बोर्डांच्या मधल्या पोकळीत वारा जात नाही. बाहेरचं अंग कोरडं लागलं म्हणून आतलंही कोरडं असेल असं इथे नसतं.

पहिला तास: वीज

पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. मीटर-बोर्डापर्यंत कोरडं जाता येत नसेल, तर सोसायटीच्या वायरमनकरवी खालूनच पुरवठा बंद करा, किंवा वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, जी तुमची असेल ती. बिलावर क्रमांक असतो, त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा.

जिप्समच्या भिंतीत विजेचा धोका विटेपेक्षा जास्त का, ते समजून घ्या. तिचा सांगाडा पत्र्याचा आहे आणि वायरी त्याच पोकळीतून जातात. एखाद्या वायरीचं आवरण गेलेलं असेल आणि सॉकेटमध्ये पाणी गेलं, तर अख्खा सांगाडा करंट धरू शकतो. म्हणून पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या पार्टिशनला टेकायचंही नाही. दुसरं, घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही तो काही पॉइंटना वीज देत राहतो. तोही बंद करायचा. हे विसरणारे मी स्वतः पाहिले आहेत, आमच्या घरातले धरून.

भिजलेले सॉकेट आणि स्विच धुऊन-पुसून पुन्हा वापरू नका. ते बदलायचे, आणि वायरमनने वायरी तपासल्यावरच चालू करायचे.

अंगावर काय, पोटात काय

रस्त्यावरून आलेल्या पाण्यात गटार असतंच. गमबूट, रबरी हातमोजे आणि बुरशी काढताना एन-९५ मास्क घाला. साध्या कापडी रुमालाने बुरशीची धूळ अडत नाही. पाण्यातून चाललात आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खरी आहे. त्यावर डॉक्सीसायक्लिनची प्रतिबंधक गोळी पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ती मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरला किंवा पालिकेच्या दवाखान्यात विचारून घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. दमा असलेल्या माणसाने हे काम करायला येऊ नये, त्याला नातेवाइकांकडे पाठवा.

काहीही काढण्याआधी फोटो

पाण्याची रेघ भिंतीवर दिसते, तिला पेन्सिलने खूण करा. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, मग सगळ्या खोलीचा व्हिडिओ. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत बोर्डाचे तुकडे, जरी कापावे लागले तरी, एका गोणीत जपून ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची घराची प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात पुराचं नुकसान येतं, पण आतल्या सामानाचं किती आणि बांधकामाचं किती, हे आपल्या कागदात बघा. तहसील कार्यालयाचा पंचनामा होणार असेल तर त्यासाठीही हेच फोटो लागतात.

भाड्याच्या घरात मालकाला फोन केलात तरी वर मेसेज पाठवून ठेवा. भिंत कोणाची, कापली कोणी, हा प्रश्न डिपॉझिट परत घेताना निघतो.

ठेवायची की कापायची

इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून सांगते.

पाणी कुठलं, हे आधी ठरवा. वरच्या मजल्यावरची पाण्याची पाइप फुटली, टाकी ओसंडली, म्हणजे पाणी स्वच्छ. ते काही तासांत थांबलं, तुम्ही एक-दोन दिवसांच्या आत आतून सुकवू शकलात आणि बोर्ड कडक राहिला, तर तो वाचू शकतो. अंगठा दाबून बघा. दबला, कागद सुटला, स्क्रूची डोकी आत गेल्यासारखी दिसली, तर गेला. संडास-बाथरूमची गळती असेल तर ते पाणी स्वच्छ धरू नका. आणि रस्त्यावरचं, नाल्याचं पाणी शिरलं असेल, तर विचार करायचाच नाही, कापायचं. धुऊन, ब्लीच लावून, उन्हात ठेवून असा बोर्ड परत चांगला होत नाही. गाळ आणि घाण जिप्समच्या आत गेलेली असते.

कापायचं किती? पाण्याच्या रेघेच्या वर किमान एक फूट. आमची रेघ फुटाची होती, म्हणजे दोन फूट तरी जायलाच हवं होतं. पण मी आता सरळ चार फुटांवर कापायला सांगते, आणि त्याला कारण आहे. बोर्ड चार फूट रुंद येतो, आठ बाय चारच्या शीटचे दोन चौकोन पडतात, एक तुकडाही वाया जात नाही. दोन फुटांची आडवी पट्टी लावायला मिस्त्री तेवढाच वेळ घेतो आणि तेवढेच पैसे मागतो. पाणी तीन फुटांच्या वर गेलं असेल तर चार फुटांचा हिशेब सोडा, अख्खा बोर्ड उतरवा.

दोन्ही बाजू कापायच्या. पार्टिशनला दोन अंगं असतात हे सांगायला नको, पण पलीकडच्या बाजूला वॉर्डरोब बसवलेला असतो, तो हलवायचा कंटाळा येतो आणि "त्या बाजूला फारसं दिसत नाही" म्हणून तो भाग राहतो. बुरशी तिथूनच परत येते.

कापण्याचं काम

आधी तळाशी, स्कर्टिंगच्या जरा वर, स्क्रू-ड्रायव्हरने दोन-तीन भोकं पाडा आणि खाली पोचा ठेवा. आत साचलेलं पाणी निघून जाईल. मग चार फुटांवर लेव्हल बघून सूत मारा. बोर्ड कापायची सुरी किंवा हाताची छोटी करवत घ्या, पातं बोर्डाच्या जाडीपेक्षा जास्त आत घालू नका, मागे वायर आणि कधी पाण्याची पाइपही असते. ग्राइंडर लावला तर घरभर पांढरी धूळ होते आणि पत्र्याचा चॅनेलही कापला जातो. स्क्रू उलटे फिरवून काढा, बोर्ड ओढून तोडू नका. शेजारच्या चांगल्या बोर्डाचा कोपरा तुटतो.

आत काचेची किंवा दगडी लोकर, म्हणजे आवाज अडवायचा तो पिवळा किंवा राखाडी थर, भिजली असेल तर सगळी काढा. ती पिळून, वाळवून पुन्हा भरायची नसते. हातमोजे घालून काढा, नाहीतर दोन दिवस अंग खाजत राहील.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे जमिनीवरचा आडवा चॅनेल. तो पन्हळीसारखा असतो, त्यात गाळ आणि पाणी साचून राहतं. ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, फडक्याने कोरडा करा. गंजून भोकं पडली असतील तर तेवढा बदला. टीव्ही किंवा कपाट अडकवायला आत प्लायवूडच्या पट्ट्या दिलेल्या असतात. फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या काढून टाका. ओल्या प्लायला पुढे वाळवी लागते. दाराची चौकट सागवानी असेल तर सुकते, पण दार पार्टिकल बोर्डाचं असेल तर खालून फुगलेलं बसत नाही, बदलावंच लागतं.

फॉल्स सीलिंग वरच्या गळतीने भिजलं असेल तर वेगळी काळजी. मध्ये पोट आलेलं दिसलं, की त्याखाली उभं राहायचं नाही. वर पाणी साचलंय. बाजूला उभं राहून लांब काठीने कडेला एक भोक पाडा, खाली बादली. पोट आलेला बोर्ड सुकल्यावर सरळ होत नाही.

तोडफोडीच्या या कचऱ्याला कामगार रॅबिट म्हणतात. गोण्यांत भरून सोसायटीत ठरलेल्या जागी ठेवा, वॉर्ड ऑफिसमधून उचलायची सोय विचारा. भिजलेलं जिप्सम नाल्यात टाकलंत, तर पुढच्या पावसात ते पाणी तुमच्याच घरी येईल.

धुणं

पत्र्याचे चॅनेल, फरशी, विटेची मागची भिंत यांना आधी साबणाच्या पाण्याने घासायचं. गाळ असताना ब्लीच टाकून उपयोग नाही, ते गाळातच संपतं. मग चार लिटर पाण्यात साधारण एक कप घरगुती ब्लीच. ते पुसून पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. खिडकी उघडी, मास्क तोंडावर. आणि हे लक्षात ठेवा: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" हा आपल्याकडचा लाडका समज आहे, आणि तो धोक्याचा आहे.

सुकवणं, म्हणजे खरी परीक्षा

"खिडक्या उघडा, हवा खेळू द्या" हा सल्ला सगळेच देतात. पुण्याच्या नोव्हेंबरात तो ठीक आहे. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्याच हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असतो. आपले कपडे चार दिवस दोरीवर सुकत नाहीत, भिंत कशी सुकेल? पाऊस पडत असताना खिडक्या बंद करा. एसी ड्राय मोडवर चालवा, उघड्या केलेल्या भिंतीच्या पोकळीकडे तोंड करून टेबल फॅन ठेवा. डिह्युमिडिफायर मिळाला, भाड्याने मिळाला तरी, तर त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते बघा. सुरुवातीला भांडंभर जमतं, मग कमी होत जातं, आणि त्यावरून काम कुठवर आलंय ते कळतं. ऊन पडलं, वारा सुटला, की खिडक्या उघडायच्या. नाकाने ठरवा, घड्याळाने नाही.

बोर्डाजवळ हॅलोजन लावून भिंत भाजू नका. कागद जळतो, आणि रात्री कोणी लक्ष देत नाही. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी कुबट वास झाकला जातो, ओल जात नाही.

सुकलं की नाही ते बघायला सोपी युक्ती: मागच्या विटेच्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा जाड तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून घाम आलेला दिसला, तर अजून ओल आहे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. त्याचा आकडा एकटा फारसं सांगत नाही, पण न भिजलेल्या भिंतीवर लावून बघा आणि मग भिजलेल्यावर. दोन्ही आकडे जवळ आले की समजायचं.

विटेची भिंत पूर्ण सुकायला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढे दिवस घराला उघडा सांगाडा राहील, पाहुणे विचारतील. राहू द्या. पडदा लावा.

परत बांधणं

मी तर म्हणते, ऑक्टोबरच्या आधी नवा बोर्ड लावूच नका. पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो, आणि तोपर्यंत पाणी दुसऱ्यांदा येऊ शकतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, की पाणी समुद्रात जायला जागा उरत नाही. मोठ्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे निदान फरशीवरचं सामान आदल्या दिवशी वर चढेल.

बांधताना चार गोष्टी कॉन्ट्रॅक्टरकडून मान्य करून घ्या, आणि लेखी.

खालचे चार फूट जिप्समऐवजी सिमेंट बोर्ड. तो भिजला तरी विरघळत नाही, धुऊन सुकवता येतो. वरचा भाग जिप्समचा ठेवा. दुकानदार हिरवा, ओलावारोधक बोर्ड दाखवेल. तो बाथरूमच्या वाफेसाठी चांगला, पण पुरात उभा राहायला बनवलेला नाही. शक्य असेल तर त्याच्याही खाली, चॅनेल बसायच्या जागी, दोन विटांचा किंवा काँक्रीटचा पट्टा काढून घ्या. थोडक्या पाण्याला तेवढं पुरतं.

सिमेंट बोर्ड आणि जिप्सम जिथे भेटतात त्या आडव्या सांध्यामागे पत्र्याची पट्टी घालायला सांगा. उभ्या चॅनेलच्या मध्ये सांधा लोंबकळत राहिला तर वर्षभरात तिथे बारीक भेग येते. सांध्यावर टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. घाईत एकावर एक थापला तर रंगातून रेघ दिसते.

बोर्ड फरशीला टेकवू नका, बोटभर फट ठेवा आणि तिला सीलंट भरा, वर टाइलची किंवा पीव्हीसीची स्कर्टिंग. लाकडी स्कर्टिंग तळमजल्यावर घालणं म्हणजे हौस.

सॉकेट चार फुटांवर घ्या. दिसायला जरा ऑफिससारखं वाटतं, सवय होते. खाली राहणाऱ्या पॉइंटची एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) वेगळी ठेवा, म्हणजे पाणी येताना तेवढंच बंद करता येतं. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

भाव ठरवताना एकच प्रश्न आधी विचारा: चौरस फुटाचा दर भिंतीच्या एका बाजूचा की दोन्ही बाजू मिळून? तो दर बोर्ड, चॅनेल, लोकर, सांधे आणि सफाई धरून आहे का, की रॅबिट उचलायचं वेगळं? आमच्या शेजारच्या काकांना अर्ध्या दरात काम मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचं बिल आलं.

पुट्टी आणि रंग शेवटी, सांधे पांढरे कोरडे दिसायला लागल्यावर. रंगारी पाऊस संपायच्या आत काम उरकायला बघेल, त्याचा पुढचा हिशेब असतो. शेवटचा हप्ता हातात ठेवा, रंगाचा दुसरा हात सुकल्यावर द्या. आणि बोर्ड बंद करण्याआधी उघड्या सांगाड्याचे, वायरी आणि पाइप कुठून गेल्यात त्याचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी सुरी कुठे घालायची नाही, ते त्यातून कळेल.